दही खट्टा की खट्टी

आम्ही भोपाळला आलो तेव्हा माझ्या ताईला सगळे दादा म्हणत. मीसुद्धा. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याला कोडं नको आणि मला तिच्यासाठी दर पानावर क्रियापदं बदलत बसायला नको. ती ताईच होती. आम्हाला ते उशिरा कळलं, एवढंच. सरकारी नोकराचं घर होतं आमचं, आमच्याकडे सगळंच उशिरा पोचायचं.

राज्यांची पुनर्रचना झाली आणि आमचं नागपूर, जे कालपर्यंत राजधानी म्हणून मिरवत होतं, ते नुसतं नागपूर राहिलं. बाबा सचिवालयात कारकून. भाषेवरून राज्यं ठरली होती, तेव्हा मराठी माणसाने मुंबईच्या राज्यात राहावं आणि हिंदी माणसाने भोपाळला जावं, असा सरळ हिशेब. पण कर्मचाऱ्यांना पर्याय विचारला गेला, आणि भोपाळात हेडक्लार्कची जागा लवकर मिळेल असं बाबांच्या कानात कुणीतरी सोडलं. आई म्हणाली, आपण मराठी माणसं, तिकडे काय करायचं. बाबा म्हणाले, भाषेचं काय एवढं, ती शिकता येते. ज्या तत्त्वावर अख्ख्या देशाचा नकाशा कापला गेला, त्याला आमच्या बाबांनी बढतीसाठी अशी बगल दिली. आणि भोपाळला आल्यावर त्यांना काम मिळालं ते पुनर्रचनेच्याच शाखेत.

नव्या राजधानीच्या इमारती अजून कागदावर होत्या. आम्हा नागपूरकरांना एका लांबलचक बराकीत कोंबलं. मधे फळ्या ठोकून तिचे तुकडे पाडले होते, एकेका कुटुंबाला एकेक तुकडा. एका घरात फोडणी दिली की चार घरं शिंकायची. समोर मोकळं पटांगण आणि एक कडुनिंब. पलीकडे कोटऱ्याची शेतं. आज मी त्याच कोटरा सुल्तानाबादमध्ये राहते आणि तिथे शेत होतं म्हटलं तर नातवंडं हसतात.

बराकीच्या टोकाला, जरा मोठ्या तुकड्यात, बाबांचे सुपरिंटेंडेंट राहत. त्यांच्या पत्नीला आम्ही सगळे मोठ्या काकू म्हणायचो. त्या खरोखरच मोठ्या होत्या, सगळ्या दिशांनी. साहेब कचेरीत साहेब असायचे. बराकीत साहेब काकूच.

नागपूरच्या माणसाला आपल्याला हिंदी येते याची पक्की खात्री असते. भोपाळने ती पहिल्याच आठवड्यात उतरवली. घोळ सगळा लिंगाचा. आपल्या मराठीत लिंगं तीन, तो, ती आणि ते. हिंदीत दोनच. म्हणजे आपल्याकडची जी बिचारी नपुंसकलिंगी मंडळी, दही, दूध, पुस्तक, घड्याळ, त्यांना भोपाळला आल्यावर इकडे किंवा तिकडे जाणं भाग होतं, आणि कोणी कुठे जायचं हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. आई दूधवाल्याला म्हणाली, "दूध पतली है." तो म्हणाला, "दूध तो पतला है बाईजी, पतली आपकी हिंदी है." आईने त्याच दिवशी दूधवाला बदलला. दुसऱ्याचं दूधही पतलाच होतं.

संध्याकाळी कडुनिंबाखाली पुरुषमंडळी बसत आणि वाद घालत. दही खट्टा की खट्टी, यावर मी लोकांना आवाज चढवताना पाहिलंय. अखेर मोठ्या काकूंनी दारातून सांगितलं, दही ही बाईमाणूसच, आंबट झाली की कळतंच.  आमच्या बराकीत दह्याचं लिंग सेवाज्येष्ठतेवरून ठरलं.

ताई तेव्हा एकोणीस वर्षांची. इंटर झालेली, टायपिंग शिकलेली. नव्या राज्याला हात कमी पडत होते, त्यामुळे तिला बाबांच्याच कचेरीत तात्पुरती नोकरी लागली. शर्ट आणि पायजमा घालून, केस चापून बसवून ती बाबांच्या मागे चार पावलं चालत जायची. पहिल्याच दिवशी साहेबांनी काहीतरी टाइप करायला सांगितलं, आणि ती म्हणाली, "अभी लाती हूँ." सगळी कचेरी हसली. नागपूरवाले, लिंग कळत नाही यांना. तीही हसली. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा म्हणाली, "अभी लाती हूँ."

बाबांना फार लाज वाटायची. घरी आल्यावर ते तिला घोकायला लावायचे. लाता हूँ म्हण. जाता हूँ म्हण. ती मान डोलवायची आणि मराठीत म्हणायची, बरं, म्हणतो. घरात मराठीत ती 'जातो' म्हणायची आणि दाराबाहेर हिंदीत 'जाती हूँ'. मराठीत चूक केली असती तर बाबांनी घर डोक्यावर घेतलं असतं. हिंदीत चूक करायची आम्हाला सर्वांना मुभाच होती. एवढी मोठी पळवाट भोपाळने तिच्यापुढे उघडून ठेवली होती आणि ती रोज तिच्यातून ये-जा करत होती. आम्हाला वाटत होतं, पोट्टं जरा मंद आहे.

मला त्याची गंमत वाटायची. मी अकरा वर्षांची आगाऊ कार्टी. तिची नक्कल करायचे, अभी लाती हूँ, अभी जाती हूँ, आणि ती चिडायची नाही. उलट तिला बरं वाटायचं. माझ्या वेण्या घालायला ती आईपेक्षा बरी होती. आई केस उपटायची.

बाबांच्या शेजारच्या टेबलावर एक भोपाळी गृहस्थ बसत. जुन्या संस्थानी कचेरीतून नव्या राज्यात आलेले. शेरवानी, पान, आणि बोलणं असं की शिवी दिली तरी समोरच्याने आदाब करावा. आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. बराकीतल्या सगळ्यांची हिंदी सुधारायची म्हणून बाबांनी त्यांना रविवारी बोलावलं. चाचा कडुनिंबाखाली खुर्ची टाकून बसत आणि नागपूरकरांना लिंग शिकवत. पहिल्याच रविवारी त्यांनी सांगितलं की दही पुल्लिंगी. काकूंनी त्यांना त्या दिवशी चहा पाठवला नाही. मग त्यांनी सांगितलं की सरकार स्त्रीलिंगी. बाबा गार झाले. ज्या सरकारची त्यांनी जन्मभर चाकरी केली ती हिंदीत बाई निघाली. चाचा म्हणाले, आमच्या भोपाळात यात काही नवल नाही, इथे बेगमांनीच पिढ्यान्पिढ्या राज्य केलंय.

काही रविवार असे गेले. मग एक दिवस शिकवणी संपल्यावर बाबांनी चाचांना विचारलं, आमच्या मुलाचं काही जमतंय का. मी कडुनिंबाच्या पारावर सागरगोटे खेळत होते, मला सगळं ऐकू आलं. चाचांनी आधी पान थुंकलं. मग म्हणाले, बाकी सगळ्या मंडळींचं काही खरं नाही, ते एकदा दही खट्टा म्हणतात, एकदा खट्टी. तुमच्या मुलाचं एकही लिंग चुकत नाही. दही, दूध, किताब, घडी, सगळं बरोबर. फक्त स्वतःबद्दल बोलताना ते 'जाती हूँ' येतं. आणि मग ते जे बोलले ते मला आजही त्यांच्याच आवाजात ऐकू येतं.

"ग़लती कभी इधर जाती है, बाबूजी, कभी उधर. आपका बच्चा रोज़ एक ही तरफ़ जाता है. यह ग़लती नहीं है."

बाबा म्हणाले, मग शिकवा ना त्याला. चाचा म्हणाले, काय शिकवू, त्याला येतं. बाबांची त्यांना टांग्यापर्यंत सोडायला जायची पद्धत होती. त्या दिवशी ते पारावरच बसून राहिले.

बाबांना कळलं होतं. माझी खात्री आहे. कारण त्यानंतर बाबांनी जे केलं ते न कळलेला माणूस करत नाही. मोठ्या काकू कधीपासून आपल्या भाचीचं स्थळ सांगत होत्या, अमरावतीची मुलगी, गोरी, सुगरण, आणि बाबा आजवर नोकरी तात्पुरती आहे म्हणून टाळत होते. दुसऱ्याच दिवशी ते स्वतः काकूंच्या दारात गेले आणि हो म्हणून आले. नोकरी अजून तात्पुरतीच होती. काकू खूश. भाचीचे वडील, म्हणजे काकूंचे भाऊ, भाऊबीजेला बहिणीकडे येणारच होते, तेव्हाच सुपारी फोडायची ठरली. साहेबांच्या घरची मुलगी म्हणजे हेडक्लार्कची खुर्चीही चार हात जवळ आली. लग्न झालं की पोरं सुधारतात, असं आपल्याकडे म्हणतात. कुठल्या पोरीच्या जिवावर, ते कुणी विचारत नाही.

रात्रीची जेवणं चालू असताना बाबांनी ते जाहीर केलं. ताईच्या हातातला घास हातातच राहिला. ती म्हणाली, मी करणार नाही. आता मराठीची गंमत बघा, नकाराला लिंग नसतं. मी करणार नाही, मी येत नाही, मी ऐकत नाही, बाईनं म्हटलं काय आणि पुरुषानं म्हटलं काय, सारखंच. ती तेवढ्यावर थांबली असती तर बाबांनी नेहमीसारखं रागवून सोडून दिलं असतं. ती थांबली नाही. म्हणाली, "त्या मुलीचं वाटोळं करायला मी नाही जाणार. मी मुलगी आहे, बाबा. मनात कायम तशीच बोलते."

बोलते. मराठीत. आमच्या स्वयंपाकघरात, आईच्या समोर.

बाबा म्हणाले, "आता मराठीही बिघडली का तुझी?"

"नाही बाबा," ती म्हणाली. "आत्ता सुधारली."

बाबा ताटावरून उठले. त्यांनी एवढंच सांगितलं की या घरात राहायचं तर मुलगा म्हणून राहायचं, आणि भाऊबीजेला पाटावर बसायचं, सुपारी घ्यायची. नाही तर आपला रस्ता धरायचा. तो रस्ता कुठे जातो हे बराकीतल्या लहान पोरालाही माहीत होतं. जुन्या शहरात, चौकाच्या मागे, त्या लोकांची एक गल्ली होती. ताईसारख्यांना घराने हाकललं की तीच गल्ली पोटात घ्यायची. त्या लोकांना तेव्हा जो शब्द वापरत तो मी इथे लिहिणार नाही. तो त्यांच्यासाठी कमी आणि इतरांना शिवी म्हणून जास्त वापरून झालाय.

आईची पंचाईत झाली. ताईला 'तो' म्हटलं तर ताई दुखावणार, 'ती' म्हटलं तर बाबा भडकणार. आईने मराठीच्या तिसऱ्या लिंगात आसरा घेतला. लेकरू जेवलं का? पोरगं आलं का कचेरीतून? त्याचं अंग गरम लागतंय. महिनाभर आमच्या घरात ताई 'ते' होती. आई किती मुत्सद्दी आहे हे मला तेव्हा कळलं, नव्या राज्याच्या मंत्रिमंडळात घ्यायला हवं होतं तिला. पण एक दिवस ताईच म्हणाली, आई, 'ते' नको गं. वासरू असतं ते. मी काय दावणीला बांधलेली आहे का?  दुसऱ्या दिवसापासून आई वाक्यच अर्धी सोडायला लागली.

ताईने बाबांशी एकदाच वाद घातला, आणि तो मला फार आवडतो. बाबा फायली घरी आणून वाचत बसले होते. कुठल्या तालुक्यात कोण किती मराठी बोलतं, कोण किती हिंदी, असलं काहीतरी. ती समोर जाऊन उभी राहिली. म्हणाली, "माणसं जी भाषा बोलतात तिकडे त्यांचं राज्य, असं तुमच्याच कचेरीने ठरवलं ना? मग मी जी बोलते तिच्यावरून माझं ठरवा."

बाबा म्हणाले, हद्दी अशा कुणाच्या म्हणण्यावरून बदलत नसतात. मांडीवर फाइल, फाइलीत नकाशा, नकाशावर लाल पेन्सिलीने खोडलेल्या हद्दी, आणि वर हे वाक्य. मला तेव्हाही हसू आलं होतं. मी हसले म्हणून मला पाढे म्हणायला बसवलं.

कचेरीत मात्र काहीतरी हललं होतं. एकदा तिथला एक जण बाबांच्या देखत ताईची नक्कल करायला लागला, मान वेळावून, अभी लाती हूँ, अभी लाती हूँ. एरवी असं झालं की बाबा खाली मान घालून ताईला दुरुस्त करत. त्या दिवशी ते त्या माणसाला म्हणाले, "काम उसने किया न? तो बस." घरी येऊन ताईने हे आईला सांगितलं आणि ढसाढसा रडली. मला कळेना यात रडण्यासारखं काय. मोठी झाल्यावर लक्षात आलं, 'उसने' म्हटलं की हिंदीतही लिंग कळत नाही. बापही आईसारखाच पळवाटेला लागला होता. आमचं घराणंच व्याकरणात लपणाऱ्यांचं.

दिवाळीच्या आधी काकूंची लेक बाळंत झाली. मुलगा. बारशाला चौकामागच्या गल्लीतली ती मंडळी आली, ढोलकी घेऊन, रंगीत लुगड्यांत, आणि पटांगणात नाचायला लागली. काकूंची कसरत बघण्यासारखी होती. आशीर्वाद तर पाहिजे, त्यांचा आशीर्वाद लागतो म्हणतात, पण सावली नको. बाळ उंबऱ्याच्या आतच धरायचं, डोकं तेवढं बाहेर काढायचं. तांदूळ लांबून टाकायचे. मग उन्हात नाचून दमलेल्या एकीने पाणी मागितलं, आणि बराकीतल्या बायकांना एकदम आपापल्या चुली आठवल्या. फटाफट दारं लागली. दिवसभर उघडी असणारी दारं.

ताईने आमच्या पितळी तांब्यातून पाणी नेऊन दिलं. त्यांच्यात एक म्हातारी होती, पांढरे केस, कपाळावर मोठं कुंकू. ती पाणी प्यायली आणि तांब्या परत देताना ताईकडे बघत राहिली. ताईने मान खाली घातली. आई दारात उभी होती. म्हातारी चालत आमच्या दाराशी आली, उंबऱ्यापासून चांगली लांब थांबली, आपली जागा ठाऊक असल्यासारखी, आणि आईला म्हणाली, "अम्मा, इसे घर में रखना. हमें किसी ने नहीं रखा."

मागून काकूंनी पटांगणभर गोमूत्र शिंपडलं. आशीर्वाद तेवढा ठेवून घेतला.

त्या संध्याकाळी आईने पानं मांडली, ताईच्या ताटात भाकरी वाढली आणि म्हणाली, "जेव गं पोटभर." बाबांच्या समोर. बाबांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि वरणात बुडवला, आणि बराच वेळ तो तिथेच बुडालेला राहिला.

आता माझंही दुःख सांगते. मला एकच भाऊ होता आणि तोही निघाला बहीण. भाऊबीजेला मी ओवाळू कुणाला? मी आईशी कडाकडा भांडले. आई म्हणाली, जिला भाऊ नसतो ती चंद्राला ओवाळते, म्हणून तर तो सगळ्या पोरांचा मामा. मी म्हणाले, चंद्र ओवाळणी घालत नाही. ताई म्हणाली, मी घालीन, पगारातून तुला फ्रॉकचं कापड घेईन. मी म्हणाले, बहीण बहिणीला ओवाळणी घालत नाही, काहीतरी एक ठरव. तिने माझी वेणी ओढली. पण ठरवायचं तिच्या हातात कुठे होतं? भाऊबीज जवळ येत होती तशी ती कपडे घड्या करून एका पिशवीत भरायला लागली होती. थोडे थोडे, कुणाला दिसू नये असे. आईला दिसत होते. मलाही.

भाऊबीजेच्या दिवशी काकूंकडे त्यांचे भाऊ आले. दुपारभर त्यांच्या घोरण्याचा आवाज फळ्यांमधून सगळ्या बराकीला ऐकू येत होता. संध्याकाळी बाबांनी स्वतः पाट काढला, पुसला आणि बाहेरच्या खोलीत पूर्वेकडे तोंड करून मांडला. रांगोळी काढायला मला सांगितलं. तबकात निरांजन, अक्षता, सुपारी सगळं तयार. काकू येतील, मी ओवाळीन, मग लगेच तिथेच बोलणी, असा कार्यक्रम. बाबांनी हाक मारली. रोजची हाक, रोजचं पुरुषी नाव.

आतून ताई आली ती आईचं करवतकाठी लुगडं नेसून. केस अजून खांद्यापर्यंतही नव्हते, त्यांत आईने कशीबशी शेवंती खोवली होती, ती सारखी घसरत होती. सुंदर वगैरे काही दिसत नव्हती. ओठ पांढरे पडले होते. पण ती पहिल्यांदाच ताठ उभी होती.

बाबा आईला म्हणाले, हे कुणी नेसवलं. आई म्हणाली, "मी. तिला जन्म मी दिला, लुगडंही मीच नेसवलं. घराबाहेर काढायचं असेल तर आम्हा दोघींना काढा."

"तिघींना," मी म्हणाले.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता थोबाडीत बसणार. मी अक्षतांची वाटी घट्ट धरून ठेवली, का ते माहीत नाही. मला भीती वाटत होती आणि रागही आला होता, आईने मला मोजलं नाही याचा. बाबांनी आमच्या तिघींकडे पाहिलं, मग रिकाम्या पाटाकडे. बाहेर काकूंचं दार वाजलं. बांगड्यांचा आवाज यायला लागला.

बाबा वाकले आणि त्यांनी पाट उचलला. मला वाटलं आता फेकणार. त्यांनी तो बगलेत मारला, दार उघडलं आणि पटांगणात गेले. अख्खी बराक बाहेर होती. कुणी कंदील लावत होतं, कुणी फराळाचं ताट घेऊन शेजारी निघालं होतं. बाबांनी मधोमध जागा बघितली, पश्चिमेकडे मान वर केली, जरा शोधलं आणि पाट त्या दिशेला लावून जमिनीवर ठेवला. मग दाराकडे वळून आम्हाला हाताने खूण केली, या म्हणून.

आम्ही गेलो. ताई तबक घेऊन पुढे, मी मागे. वाऱ्याने निरांजनाची ज्योत आत्ता विझते की मग असं झालं होतं.  पटांगणात दोन जणी चंद्राला ओवाळायला उभ्या आहेत याचा अर्थ कुठल्याही मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. त्या घरात मुलगा नाही.

काकू भावाला घेऊन समोर आल्या. हातात नारळ आणि सुपारी. त्यांनी ताईकडे पाहिलं, मग ओळखलं, मग पदर तोंडाला लावला. म्हणाल्या, हे काय, मुलगा कुठाय, आम्ही सुपारी घेऊन आलोय.

बाबा साहेबांच्या बायकोशी आजवर कधी मान वर करून बोलले नव्हते.

"वहिनी, आमच्याकडे मुलगा नाही," ते म्हणाले. "आम्हाला दोन मुली आहेत."

काकू म्हणाल्या, पण तुम्हीच तर आमच्या दारात येऊन मुलासाठी हो म्हणालात.

"चूक झाली होती माझी. तुमच्या भाचीचं त्यात नुकसान झालं असतं. माफ करा."

काकूंचे भाऊ नारळ हातात धरून उभे राहिले, त्यांना त्याचं काय करावं कळेना. मग काकू फणकाऱ्याने वळल्या आणि दार लागलं, आणि त्या दाराबरोबर हेडक्लार्कची जागाही गेली, हे तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला कळलं. बाबांनाही कळलं. ते हलले नाहीत. निंबाखालच्या कुणीतरी काहीतरी कुजबुजलं, कुणीतरी हसलं. बाबा ताईच्या डाव्या बाजूला, वारा येत होता तिकडे, जाऊन उभे राहिले.

ताई नुसतीच उभी होती, तबक धरून, गालांवरून पाणी वाहत. द्वितीयेची कोर झाडांच्या शेंड्यांना टेकली होती.

"आटप गं," बाबा म्हणाले. "मावळतोय तो."

ताईने तबक वर उचललं.